मूल दोघांकडे राहत असताना कर विवरणपत्रात त्याचे नाव कोणी दाखवायचे? (अमेरिका)

प्रश्न
माझे पती आणि मी दोन वर्षांपासून वेगळे राहतो आणि आमचा आठ वर्षांचा मुलगा एकेक आठवडा आलटून पालटून दोघांकडे असतो. शाळेचा व आरोग्यविम्याचा खर्च पती करतात, आणि न्यायालयाने मंजूर केलेल्या आमच्या करारनाम्यात २०२५ च्या विवरणपत्रात मुलाचे नाव त्यांनी दाखवायचे, असे लिहिलेले आहे. सुट्ट्या धरल्या तर मात्र मुलगा माझ्याकडे अधिक राहिला. मी हक्क सोडला तर माझ्या सगळ्याच सवलती जातील का?

प्रतिसाद १
पैसे कोणी भरले यावर हे ठरत नाही. वर्षभरात मूल ज्याच्याकडे जास्त रात्री राहिले, त्यालाच आयआरएस (अमेरिकेची कर यंत्रणा) ताबा असलेला पालक मानते; रात्री अगदी समसमान भरल्या, तरच ज्याचे ॲडजस्टेड ग्रॉस इन्कम (काही ठरावीक वजावटींनंतरचे एकूण उत्पन्न) अधिक तो पालक धरला जातो. मूल मित्राकडे किंवा शिबिराला गेले असेल, तर ती रात्र एरवी ते ज्याच्याकडे असते, त्याच्या वाट्याची धरावी.

प्रश्नकर्ती
स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर मी त्याच्या येण्याजाण्याच्या खुणा करत असे. शिबिराच्या पाच रात्री पतींच्या आठवड्यातल्या होत्या. त्या त्यांच्याकडे धरूनही माझ्या १८७ भरतात आणि त्यांच्या १७८. मग करारनाम्याला काहीच अर्थ नाही का?

प्रतिसाद २
अर्थ आहे, पण तो तुम्हा दोघांपुरता. ताबा असलेल्या पालकाने मुलाचे नाव दाखवण्याचा हक्क दुसऱ्याला द्यायचा तो फॉर्म ८३३२ वर, आणि २००८ नंतरचा करारनामा आयआरएसला त्याच्या जागी चालत नाही. तुमच्या सहीचा तो फॉर्म जोडल्याशिवाय पतींना मुलाचे नाव दाखवता येणार नाही. मात्र ठरलेले असूनही तुम्ही सही नाकारलीत, तर ते न्यायालयात जाऊ शकतात, म्हणून मी तुम्हाला सही करण्याचाच सल्ला देईन.

पहिल्यांदा ही सही करताना मीही फार घाबरले होते. प्रत्यक्षात त्यामुळे जाते ते २,२०० डॉलरपर्यंतचे चाइल्ड टॅक्स क्रेडिट (मुलामागे मिळणारी करसवलत). अर्न्ड इन्कम क्रेडिट (कमी-मध्यम कमाई असणाऱ्यांची करसवलत), पाळणाघराच्या खर्चावरील क्रेडिट आणि हेड ऑफ हाउसहोल्ड (जोडीदाराशिवाय घर चालवणाऱ्याचा) हा करदात्याचा दर्जा, बाकीच्या अटी पूर्ण होत असतील तर, तुमच्याकडेच राहतो. घटस्फोट अजून झालेला नसेल, तर त्या दर्जासाठी वर्षाचे शेवटचे सहा महिने पती तुमच्या घरात राहिलेले नसावेत आणि घरखर्चाचा निम्म्याहून अधिक भार तुम्ही उचललेला असावा.

फॉर्मच्या पहिल्या भागात फक्त २०२५ लिहा. दुसरा भाग पुढील वर्षांचा आहे, तो कोराच ठेवा. तिथे एकदा सही झाली की हक्क परत घेता येतो खरा, पण पतींना तसे कळवल्यानंतर पुढच्या वर्षापासूनच.