मदत हवी आहे : इलेक्ट्रिक रंध्याने सागवानी दारांवर रेघा आणि लाटा पडतायत

गावभागकर, सांगली

नमस्कार मंडळी. गावभागातलं आमचं जुनं घर उतरवलं. त्यातली सागवानी दारं आणि चौकटी जपून ठेवल्यात, नव्या घराला तीच बसवायची आहेत. ऑगस्ट २०१९ च्या पुरात कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा ही दारं कडीपर्यंत बुडाली होती. जुलै २०२१ ला परत भिजली. तरी फळ्या सरळ आहेत, लाकूड आतून ठणठणीत. वरचा काळा थर तेवढा काढायचाय.

मशीन हातातलाच इलेक्ट्रिक रंधा, ८२ मिमीचा, दोन पात्यांचा. पाती ती बारीक कार्बाइडची, दोन्हीकडून धार असलेली. परवाच उलटवून कोरी धार बाहेर घेतली. त्यानंतर एका पात्याची बारीकशी कपची उडाली. तेव्हापासून फळीवर एक उंच रेघ राहते, नखाला लागेल इतकी, आणि मशीनच्या रुंदीत दर वेळी त्याच जागी. शिवाय आडव्या लाटा येतात. समोरून दिसत नाहीत, खिडकीतला उजेड तिरका पडला की सगळ्या उठून दिसतात. फळी संपताना शेवटच्या दोन-तीन इंचांत खड्डा पडतो तो वेगळाच. मशीनचा आवाजही जाड झालाय.

खिळे काढलेत, लोहचुंबक फिरवून खात्री केलीय. एक दुकानदार म्हणतो बेअरिंग गेलं, पाती बसवलेला अख्खा फिरता ड्रमच बदला. खर्चाचं बघता येईल, पण ही दारं पुन्हा मिळायची नाहीत. म्हणून पुढचा हात मारण्याआधी विचारतोय. पात्यांचा दोष आहे की मशीनचा?

मिरजकर

दादा, लाकडाच्या रेषेच्या, म्हणजे धाग्यांच्या दिशेच्या, उलट मारताय का? सागवानात मध्येच रेषा फिरते.

गावभागकर, सांगली

नाही, तेही बघितलं. उलट मारलं की लाकूड उपसतं, ते ओळखू येतं. ही रेघ अगदी सरळ आहे.

कऱ्हाडचा सुतार

ड्रम लगेच बदलू नका. रेघ आणि लाटा या दोन्हींचं मूळ एकच दिसतंय.

असं बघा, ड्रमवर दोन पाती असतात आणि मिनिटाला पंधरा-सोळा हजार फेरे होतात. एका पात्याची कपची उडाली तर तिथे लाकूड उंच राहणार, पण पाठोपाठ येणारं दुसरं पातं ते कापून नेतं. दोन्ही पाती एका उंचीवर असतील तर एका कपचीची रेघ उरायलाच नको. तुमच्याकडे उरतेय, म्हणजे दुसरं पातं खाली बसलंय, नुसतं फिरतंय आणि कापत काहीच नाही. लाटाही त्यानेच. एकच पातं कापत असलं की दोन कापांमधलं अंतर दुप्पट होतं. फक्त आधी दुसऱ्या पात्याला नेमक्या त्याच जागी कपची नाही ना, ते भिंगातून बघून घ्या.

प्लग काढा, खटका बंद केला एवढ्यावर भागवू नका. मशीन उलटं ठेवा. मागच्या प्लेटवर, म्हणजे ड्रमच्या मागच्या सपाट तळावर, सरळ रंधलेली लाकडी पट्टी अशी धरा की ती ड्रमच्या वर येईल. लोखंडी पट्टी नको, धार जाईल. आता बेल्टवरून ड्रम हाताने हळू फिरवा. पातं पट्टीला निसटतं लागून तिला दोन-तीन मिमी पुढे ओढेल. दोन्ही पाती आणि प्रत्येकाची दोन्ही टोकं तपासा. सगळीकडे पट्टी सारखीच सरकायला हवी. जास्त ओढली तर पातं मागच्या प्लेटच्या वर आहे. तुमचा शेवटचा खड्डा त्यातून येतोय. पुढची प्लेट फळी सोडते तेव्हा मशीन मागच्या प्लेटवर टेकतं आणि वर राहिलेलं पातं जास्त खातं. अजिबात लागलं नाही तर पातं खाली आहे.

पातं नीट न बसण्याचं बहुतेक वेळा कारण म्हणजे खाचेत साचलेला चीक आणि भुसा. पातं आणि त्यामागची पट्टी सोडवा, खाच रॉकेलच्या फडक्याने पुसून कोरडी करा. मशीनसोबत आलेल्या सेटिंग पट्टीने उंची लावा आणि बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे आवळा. एकच बोल्ट आधी गच्च केला की पातं तिरकं होतं. कपचीचं पातं काढून टाका, पण बदलताना जोडीच बदला. एक जुनं, एक नवं ठेवलं की वजनात फरक पडतो आणि मशीन थरथरतं.

बेअरिंगचं म्हणाल तर ड्रम बोटांत धरून वरखाली हलवा. प्ले, म्हणजे ढिलेपणा, जाणवला तरच दुकानदाराचं ऐका.

मिरजकर

पुरात भिजलेल्या लाकडाचं आणखी एक. गाळातली वाळू फळीच्या रेषांत बसलेली असते, ती लोहचुंबकाला सापडत नाही. सागवानात मुळातच सिलिका असते, त्यात ही वाळू, म्हणजे धार लवकर जाणार. आधी तारेच्या ब्रशने कोरडंच खसाखसा घासून झटकून घ्या, तोंडाला मास्क लावून. आमच्याकडे पहिल्या हाताला जुनी पाती लावतात, चांगली पाती वरचा थर निघाल्यावर.

गावभागकर, सांगली

दोघांचेही मनापासून आभार. पट्टी लावून बघितलं. एक पातं पट्टीला शिवतही नव्हतं, दुसरं चांगलं पाऊण सेंटिमीटर ओढत होतं. खाचेत काळा चीक दगडासारखा बसला होता. बेअरिंगला प्ले नाही. नवी जोडी बसवून चौकटीच्या मागच्या बाजूवर मारून पाहिलं. रेघ गेली, लाटा गेल्या, आवाजही पहिल्यासारखा झाला. खड्डा मात्र थोडा उरलाय, फक्त डाव्या कडेला.

कऱ्हाडचा सुतार

डावं टोक अजून केसभर वर आहे. त्याच टोकाचा बोल्ट सैल करा आणि पुन्हा पट्टी लावा. आणि हात मारताना सुरुवातीला दाब पुढच्या मुठीवर, फळी संपत आली की मागच्या मुठीवर. एका वेळी अर्ध्या मिमीपेक्षा जास्त काढू नका, जुन्या दारांना तेवढंच पुरतं.