जुना ट्रॅक्टर घेताना गिअरबॉक्स कसा पारखता?

धागाकर्ता
इंजिनाचा धूर, टायर, आरसी बुक यांवर सगळेच बोलतात. गिअरबॉक्स मात्र झाकली मूठ. तो न खोलता काय काय कळतं ते लिहा. किस्से नकोत, तपासण्या सांगा. ३५ ते ५० एचपीचे, आठ पुढचे आणि दोन मागचे गिअर असलेले साधे ट्रॅक्टर धरून चालू.

भातखाचर
सकाळी जा आणि मालकाला आधीच सांगून ठेवा, गाडी चालू करू नका. रात्रभर उभ्या गाडीत पाणी तळाला बसतं. ड्रेन प्लग हळूहळू ढिला करा आणि पहिलं अर्धा कप पांढऱ्या डब्यात धरा. आधी पाण्याचे थेंब आणि मागून ताकासारखं तेल आलं, तर आत पाणी गेलंय. गिअर लिव्हरचं रबर फाटलं की पावसाचं किंवा प्रेशरने धुतानाचं पाणी तिथूनच उतरतं. चिखलणीच्या गाडीत ते मागच्या धुऱ्याच्या सीलमधून शिरतं. "तेल बदललं की झालं" हे खरं नाही. बेअरिंगच्या गोळ्यांवर गंजाचे खड्डे पडलेले असतात, ते तेलाने भरून येत नाहीत.

प्लगला चुंबक असेल तर त्यावरची काळी, मऊ पेस्ट चालते. बोटाला टोचणारे कण किंवा दाताचा टवका दिसला तर तिथेच थांबा. पिवळे कण म्हणजे बुश किंवा थ्रस्ट वॉशर झिजतोय.

पाना_दहाअकरा
वरच्यात भर. तेल फारच ताजं आणि घट्ट दिसलं तर जास्त सावध व्हा. नव्वद नंबरच्या गिअर तेलाच्या जागी त्याहून घट्ट एकशेचाळीस ओतलं की घरघर दबते. म्हणून अर्धा तास भरलेली ट्रॉली ओढून तेल गरम करा आणि मग पुन्हा कान द्या. गिअरबॉक्स, हायड्रॉलिक आणि ऑइल ब्रेक एकाच तेलावर चालत असतील तर साधं नव्वद नंबरही चुकीचंच; ब्रेक किंचाळतात.

आवाजाचं सोपं गणित:
न्यूट्रलमध्ये, क्लच सोडलेला असताना घरघर आणि क्लच दाबल्यावर गप्प: इनपुट किंवा काउंटर शाफ्टचं बेअरिंग.
क्लच दाबल्यावरच आवाज सुरू: रिलीज बेअरिंग. सामान किरकोळ, पण त्यासाठी गाडी मधून फोडावी लागते.
क्लच पूर्ण दाबून पाच-सहा सेकंद थांबूनही गिअर टाकताना खर्र वाजतं: क्लच पूर्ण सुटत नाही. याचं खापर गिअरबॉक्सवर फोडू नका, आधी पेडलचा फ्री प्ले (सुरुवातीचा मोकळा खेळ) बघा.

सरी-वरंबा
ऊस वाहतुकीची गाडी असेल तर हाय (जास्त वेगाच्या) रेंजमधला तिसरा आणि चौथा गिअर नीट तपासा. उतारावर न्यूट्रल करून पळवलेल्या गाडीत, चालतीतच गिअर कोंबल्याने दातांच्या कडा गोल झालेल्या असतात. प्रत्येक गिअरमध्ये चढावर दाबून ओढा, मग उतारावर गिअर तसाच ठेवून एकदम रेस सोडा. सटकणारा गिअर बहुधा इथेच सटकतो. कारण तीनपैकी एक: शिफ्टर फोर्क (गिअर सरकवणारा काटा) झिजलेला, गिअर जागेवर धरणाऱ्या गोळीमागची स्प्रिंग मऊ पडलेली, किंवा दातच गेलेले. स्प्रिंग आणि गोळी बऱ्याच गाड्यांत वरचं झाकण काढून बदलता येते. दात गेले असतील तर जोडीनेच बदला, नवा गिअर जुन्याबरोबर नीट बसत नाही.

लिव्हरचा दांडा जवळून बघा. एके ठिकाणी रंग उडून चकचकीत पट्टा दिसला, तर तिथे ट्यूब बांधून गिअर अडकवून ठेवत होते.

काळीमाती
मॅसी फर्ग्युसन १०३५ बघत असाल तर एक खूण: लो मध्ये आवाज आणि हाय मध्ये शांत, तर संशय हाय-लोच्या एपिसायक्लिकवर (मधल्या गिअरभोवती छोटे गिअर फिरणारा संच). हाय मध्ये ताकद थेट पुढे जाते, लो मध्ये त्या संचाच्या दातांवर भार येतो.

मागच्या धुऱ्यासाठी: इंजिन बंद, बाकी चाकांना दगड लावा, एक मागचं चाक जॅकवर उचला, गिअर टाका आणि चाक हाताने पुढे-मागे हलवा. सगळ्या गिअरमध्ये ढिलेपणा सारखाच जास्त असेल तर क्राउन-पिनियन (धुऱ्याला फिरवणारी गिअरजोडी) किंवा त्यानंतरचं, चाकाकडचं रिडक्शन. एकाच गिअरमध्ये वाढला तर तोच गिअर. रोटाव्हेटर चालवलेल्या गाडीत पीटीओ शाफ्टही (अवजार फिरवणारा मागचा दांडा) हाताने हलवून बघा.

पाना_दहाअकरा
आणखी एक. क्लच हाउसिंगच्या तळाला कॉटर पिनचं भोक असतं. तिथून तेल ठिबकत असेल तर बोटाला लावून वास घ्या. गिअर तेलाचा उग्र वास आला तर इनपुट शाफ्टचं सील. इंजिनचं काळं तेल असेल तर क्रँकचं मागचं सील. भोक चिखलाने बुजलं असेल तर तारेने मोकळं करा, नाहीतर आत साठलेलं तेल क्लचप्लेटला लागतं.

बोल्टांवर ताजे पान्याचे घाव आणि जोडावर नवं सिलिकॉन दिसलं म्हणून लगेच माघार घेऊ नका. काय बदललं ते विचारा आणि सामानाचं बिल मागा. बिल नसेल तर मी ते फक्त रंगवलेलं काम समजतो.

भातखाचर
आणि हो, प्लग परत लावताना वॉशर बघा. चेपलेला असेल तर नवा घाला, नाहीतर तुमच्या तपासणीमुळेच गळती सुरू होईल.