मदत हवी आहे: सप्लाय बंद असलेल्या फीडर पिलरमध्ये (रस्त्यावरची वीजवाटपाची पेटी) करंट आला. आरएमयूवर (रिंग मेन युनिट, हाय व्होल्टेज केबलींची स्विच-पेटी) जाण्याआधी काय काय बघू?

नमस्कार मंडळी. मी नाशिकला एका ठेकेदाराकडे वायरमन आहे, कामाला लागून आठच महिने झालेत. परवा पंचवटीत पावसानंतरच्या तपासणीत एका फीडर पिलरचं दार उघडलं. तळाला चार बोटं पाणी, केबल आत येते त्या ग्लँडवर हिरवट थर, आणि ओल्या फ्यूज बेसपाशी बारीक तडतड. सोबतचे म्हणाले, "सप्लाय बंद केलाय, घाल हात." बंद पिलर तडतडेल कसा, म्हणून मी टेस्टर लावला. एका फेजवर दिवा लागला! शेजारच्या इमारतीचा जनरेटर चालू होता, जनरेटर आणि लाईन वेगळी ठेवणारा चेंजओव्हर स्विच नव्हता, करंट उलटा येत होता. रात्री झोप लागली नाही.

पुढच्या आठवड्यात ११ केव्हीच्या आरएमयूवर जायचंय. हँडल ऑफला आहे आणि समोरचे दिवे विझलेत, एवढ्यावर विश्वास ठेवायचा का? केबल बंद केल्यावरही झटका देते म्हणतात, ते खरं का?

उत्तर: भाऊ, हात मागे ठेवलास ते फार बरं केलंस. दिवे विझले म्हणजे सप्लाय गेला असं धरू नकोस, दिवाही खराब असू शकतो. परमिट, म्हणजे कामाची लेखी परवानगी, हातात आल्याशिवाय दार उघडायचं नाही. आरएमयू रिंगमध्ये असते, म्हणजे सप्लाय दोन्हीकडून येऊ शकतो. पलीकडचं टोकही ऑफ करून कुलूप आणि पाटी लाव. मग ११ केव्हीचा डिटेक्टर आधी चालू ठिकाणी, मग तुझ्या केबलवर, पुन्हा चालू ठिकाणी तपास. घरगुती टेस्टर तिथे अजिबात चालत नाही. खात्री पटली की मगच अर्थ स्विच, म्हणजे केबल जमिनीला जोडणारा स्विच, टाक. चालू केबलवर टाकलास तर थेट शॉर्ट होतं.

झटक्याचं खरं आहे. लांब केबल कपॅसिटरसारखी चार्ज धरून ठेवते, मेगर (इन्सुलेशनची टेस्ट) केल्यावर तर हमखास, म्हणून दरवेळी अर्थ करायचं. आरएमयूत भरलेल्या एसएफ६ गॅसच्या दाबाचा काटा लाल पट्ट्यात असेल तर हँडलला हात लावू नकोस. एसएफ६ हवेपेक्षा सुमारे पाचपट जड, खड्ड्यात साचतो. ग्लोव्हज क्लास २ चे, १७ हजार व्होल्टचे घे. हवा भरून पिळून बघ, बारीक भोक असेल तरी फेकून दे. अंगात सुती कपडे हवेत, पॉलिस्टर आर्कमध्ये वितळून कातडीला चिकटतं.

मी: रिंगचं डोक्यातच आलं नव्हतं, धन्यवाद दादा. आमच्याकडचे ग्लोव्हज कडक झालेत, आतल्या घड्यांवर चिरा दिसतात. ठेकेदार म्हणतो, पावडर लावून वापर. नवीन मिळेपर्यंत काम थांबवायला सांगू ना?