लहान गावांतील स्काउट पथकांचा आरंभ

प्रश्न : दारव्हा तालुक्यातील आमच्या घरी आजोबांच्या ट्रंकेत कमळासारख्या तीन पाकळ्यांचे चिन्ह असलेला, हिरवट पडलेला पितळी बक्कल आणि शिट्टीची गोफ विणलेली दोरी सापडली. आजोबा स्वातंत्र्यापूर्वी शाळेत शिकले. त्या काळी स्काउटिंग केवळ साहेबांच्या मुलांसाठी होते ना?

उत्तर १ : आरंभी तसेच होते. स्काउटिंगचे जनक बेडन-पॉवेल यांनी १९०७ मध्ये इंग्लंडमधील ब्राउनसी बेटावर पहिले शिबिर घेतले आणि १९०९ मध्ये बंगळूरला निघालेल्या पथकात युरोपीय व अँग्लो-इंडियन मुलांनाच प्रवेश होता. मात्र श्रीराम वाजपेयी यांनी १९१३ मध्ये उत्तर प्रदेशातील शाहजहानपूरसारख्या जिल्ह्याच्या गावी भारतीय मुलांचे पथक उभारले, आणि १९१६ मध्ये ॲनी बेझंट यांनी मद्रासला स्वतंत्र भारतीय संघटना काढली. पुढे मदनमोहन मालवीय व हृदयनाथ कुंझरू यांच्या सेवा समिती या स्काउट संघटनेने जत्रा-मेळ्यांतील सेवेवर भर दिला. माझ्या मते लहान गावांना स्काउटिंग आपलेसे वाटले ते या सेवेमुळे, गणवेशामुळे नव्हे.

उत्तर २ : वऱ्हाडात कवायतीची आवड आधीपासून होतीच, अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चे. शिवाय स्काउटला शिकवल्या जाणाऱ्या गाठींचे म्हणाल, तर बैलाचे दावे रोज बांधणाऱ्या पोराला खुंटगाठ वेगळी काय शिकवायची!

उत्तर ३ : आपण ते बक्कल चिंचेने घासून पाहावे. तीन पाकळ्यांवर अशोकचक्र दिसल्यास ती वस्तू आजोबांच्या शाळेतील नसावी, कारण ते चक्र ज्या संस्थेच्या चिन्हात आहे ती भारत स्काउट्स आणि गाइड्स ही एकत्रित संस्था ७ नोव्हेंबर १९५० रोजी स्थापन झाली.