मेल्यावर मान, हयातीत मानधन नाही: सोल-गॉस्पेल गायकांवरचा अन्याय कुणाचा?

जुनी_तबकडी (धागाकर्ता)
मे १९६४. मँचेस्टरमधलं वापरात नसलेलं विलब्रॅहम रोड स्टेशन. एका फलाटावर प्रेक्षक, समोरच्या फलाटावर घोडागाडीतून उतरलेली सिस्टर रोझेटा थार्प, गॉस्पेल म्हणजे काळ्या अमेरिकनांची चर्चमधली भक्तिगीतं गाणारी अमेरिकन गायिका. पाऊस पडून गेलेला. ती इलेक्ट्रिक गिटार गळ्यात अडकवते आणि नोहाच्या पुराचं गाणं सुरू करते. ग्रॅनाडा टीव्हीचं हे चित्रीकरण आजही बघायला मिळतं. मधला गिटारचा तुकडा ऐका, रॉक अँड रोल कुठून आलं हे वेगळं सांगावं लागत नाही.

हीच बाई १९७३ मध्ये फिलाडेल्फियात वारली आणि तीन दशकांहून जास्त काळ तिच्या थडग्यावर नावाचा दगडही नव्हता. २००८ मध्ये रसिकांनी कार्यक्रम करून पैसे उभे केले, मग तो बसला. ओ. व्ही. राइटचं तेच. गॉस्पेलमधून आलेला मेम्फिसचा सोल (गॉस्पेलच्या ढंगात प्रेमाची-दुःखाची गाणी) गायक, १९८० मध्ये ४१व्या वर्षी गेला, त्याची कबरही २००८ पर्यंत निनावी. 'दॅट्स हाऊ स्ट्राँग माय लव्ह इज' आधी त्याने गायलं, जग ते प्रसिद्ध सोल गायक ओटिस रेडिंगचं म्हणून ओळखतं.

मी याला नशीब म्हणणार नाही. अमेरिकेत साध्या (एएम-एफएम) रेडिओवर गाणं वाजलं की पैसे गीतकार-संगीतकार आणि प्रकाशकाला मिळतात, गाणाऱ्याला छदामही नाही. राइटने गायलेलं ते गाणं रूझवेल्ट जेमिसनने लिहिलेलं. म्हणजे ते रेडिओवर कितीही वाजलं तरी राइटच्या हाती काही पडणार नव्हतं. असे हक्क नाकारायचे आणि पुढे पुरस्कार द्यायचे, हे मला पटत नाही.

निशिगंधा
असहमत. 'उपेक्षित' कुणाच्या लेखी? १९५१ मध्ये थार्पचं लग्न वॉशिंग्टनच्या ग्रिफिथ स्टेडियममध्ये लागलं, वीस हजारांवर माणसं तिकीट काढून आली आणि नंतर तिथेच तिचं गाणं झालं! राइटचं 'यू आर गॉना मेक मी क्राय' १९६५ मध्ये आर अँड बी (काळ्या श्रोत्यांच्या लोकप्रिय संगीताच्या) यादीत वरच्या दहांत होतं. काळ्या श्रोत्यांना ही माणसं कधीच अनोळखी नव्हती. आपल्यापर्यंत उशिरा पोचली म्हणून त्यांना बिचारं ठरवू नका, त्यात त्यांच्या श्रोत्यांचाही अपमान आहे.

आणि सगळं खापर कंपन्यांवर कशाला? १९३८ मध्ये थार्प न्यूयॉर्कच्या कॉटन क्लब या नाइटक्लबमध्ये गायली तेव्हा सगळ्यात जास्त दुखावली ती चर्चची मंडळी. देवाचं गाणं दारूच्या टेबलांमध्ये नेलं, हा तिच्यावरचा राग बराच काळ गेला नाही.

जुनी_तबकडी
चर्चचा मुद्दा मान्य. पण तुम्ही दिलेल्या तिच्या लग्नाच्या उदाहरणाने माझाच प्रश्न जास्त टोकदार होतो. स्टेडियम भरवणारी बाई, आणि मागे थडग्यापुरता दगड नाही. तिकिटांचे पैसे आले होते, ते टिकले नाहीत. श्रोत्यांनी प्रेम केलं याने हिशेब पुरा होत नाही.

रात्रपाळी
दोघांनीही शेरॉन जोन्सचं नाव घेतलं नाही! ही सोल गायिका न्यूयॉर्कच्या रायकर्स आयलंड तुरुंगात पहारेकरी, लग्नसमारंभांत गायची, चर्चमध्ये गायची. चाळिशी उलटल्यावर ब्रुकलिनच्या डॅपटोन या छोट्या लेबलने (रेकॉर्ड कंपनीने) २००२ मध्ये तिचा पहिला अल्बम काढला. तिथलाच चार्ल्स ब्रॅडली, वर्षानुवर्षं सोलचा बडा गायक जेम्स ब्राउनची नक्कल करून पोट भरणारा. त्याचा स्वतःचा पहिला अल्बम २०११ मध्ये, वयाच्या ६२व्या वर्षी. २०१६ मध्ये शेरॉन गेली, २०१७ मध्ये चार्ल्स, दोघंही कॅन्सरने. फार थोडी वर्षं मिळाली, पण स्वतःच्या नावाने भरलेली सभागृहं त्यांनी डोळ्यांनी बघितली. उशिराच्या मानाला तुच्छ लेखू नये असं मला यासाठी वाटतं. मात्र एक खरं, त्यांना वर काढलं ते छोट्या लेबलने, बड्या कंपन्यांनी नाही.

निशिगंधा
@रात्रपाळी, हेच म्हणायचं होतं. टेक्सासच्या बेलर विद्यापीठात रॉबर्ट डार्डन यांनी जुन्या गॉस्पेल तबकड्या जमवून डिजिटल करण्याचा प्रकल्प उभा केला. त्यात कळलं की नागरी हक्क चळवळीची कितीतरी गाणी तबकडीच्या मागच्या बाजूला होती, जिकडे रेडिओवाले ढुंकूनही बघत नसत. यातून कुणाला रॉयल्टी मिळत नाही हे खरं, पण आवाज तरी वाचतो. आवाजच गेला तर हक्क कशाचे मागणार?

जुनी_तबकडी
तबकड्या वाचवायलाच हव्यात, त्याला माझा विरोध नाही. पण हे बघा: १९७२ पूर्वीच्या ध्वनिमुद्रणांना केंद्रीय कायद्याने डिजिटल सेवांकडून मोबदला लागू झाला २०१८ मध्ये. थार्पला रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम या मानाच्या यादीत घेतलं तेही २०१८ मध्येच. साधा रेडिओ यातूनही सुटला. म्हणून वारसदार हयात आहेत तोवर त्या गायकांचा वाटा मागत राहायचं, पुतळे-पुरस्कार नंतर.