जनरेटरला बाहेरून मोठी टाकी जोडली आहे, पण पेट्रोल ओढत नाही. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आम्ही दापोली तालुक्यात, हर्णैजवळ राहतो. बाबांच्या फुप्फुसांचं जुनं दुखणं आहे, रात्रभर ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर लागतो. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आमच्या वाडीत १९ दिवस वीज नव्हती. तेव्हा कॉन्सन्ट्रेटर घरात नव्हता म्हणून निभावलं. पुढच्या मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याने वर सरकलं, आणि त्यानंतर मी होंडाचा छोटा इन्व्हर्टर जनरेटर घेतला. पेट्रोलवरचा, १८०० वॅटचा.

अडचण एकच. आतली टाकी जेमतेम साडेतीन लिटरची. कॉन्सन्ट्रेटर ३५० वॅट, वर फ्रिज, पंखा, दोन दिवे. साडेपाच-सहा तासांत मशीन खोकतं आणि बंद. रात्री दहाला लावलं की साडेतीनला मी खळ्यात. एका हातात छत्री, दातांत विजेरी, तापलेल्या इंजिनाशेजारी पेट्रोल ओततोय आणि आत कॉन्सन्ट्रेटरचा अलार्म कोकलतोय. हे मला बंद करायचंय.

चुलतभाऊ बोटीवर असतो. त्याने होडीच्या इंजिनाची लाल टाकी आणून दिली, मध्ये रबरी फुगा असलेल्या नळीसकट. जनरेटरच्या टाकीच्या झाकणाला भोक पाडून निपल, म्हणजे नळी जोडायची छोटी तोटी, बसवलं. (झाकण जादा घेतलं होतं, मूळचं शाबूत आहे.) टाकी खाली जमिनीवर ठेवली तर थेंब ओढत नाही, आतली टाकी संपते आणि मशीन बंद. मग टाकी स्टुलावर ठेवून फुगा दाबला, तर पेट्रोल इतकं आलं की झाकणातून बाहेर पाझरायला लागलं. वासाने आई उठली म्हणून कळलं. चुकतंय कुठे?

जुना फिटर
आधी ते स्टूल बाजूला करा, मग पुढचं वाचा. टाकी वर ठेवली की पेट्रोल स्वतःच्या वजनाने उतरतं. आतली टाकी भरली तरी त्याला थांबवणारं कोणी नाही, ते झाकणातून येणारच. शेजारी सायलेन्सर तापलेला. झाकण घट्ट असतं तर बाहेर आलं नसतं, पण मग सगळा भार कार्बोरेटरच्या फ्लोटच्या सुईवर, म्हणजे पेट्रोल पुरेसं झालं की वाट बंद करणाऱ्या सुईवर. सुईत कचरा अडकला की पेट्रोल इंजिन ऑइलमध्ये उतरतं.

आता खाली ठेवल्यावर का ओढत नाही ते. तुमच्या झाकणावर हवेचा खटका आहे ना, चालू-बंदचा? तो तुम्ही चालूच ठेवला असणार. या छोट्या मशीनमध्ये पडद्याचा पेट्रोल पंप असतो. तो आतल्या टाकीतलं पेट्रोल ओढतो, टाकीत पोकळी तयार होते आणि ती पोकळी बाहेरच्या टाकीतून पेट्रोल खेचून घेते. खटका उघडा असला तर पेट्रोलऐवजी हवा आत येते. म्हणजे जनरेटरचं झाकण पूर्ण हवाबंद हवं आणि बाहेरच्या टाकीचा हवेचा स्क्रू उघडा. तुमच्याकडे बरोबर उलटं असेल, पैज लावतो.

धागाकर्ता
दादा, पैज जिंकलात. खटका चालू होता आणि लाल टाकीचा स्क्रू घट्ट आवळलेला होता. भाऊ म्हणाला होता, सांडू नये म्हणून आवळ.

गॅरेजवाला
ज्यांच्याकडे साधा जनरेटर आहे, टाकी वर आणि कार्बोरेटर खाली, पंप नाही, त्यांनी हे करून बघू नका. तिथे पेट्रोल नुसतं उतारावर येतं. झाकण हवाबंद केलं की थोड्या वेळाने इंजिन उपाशी मरतं.

धागाकर्त्यांनी निपलच्या दोन्ही बाजूंना पेट्रोलला टिकणारा वॉशर घालावा. एमसील लावू नका. नळी माशांच्या टाकीची पारदर्शक नको, हल्लीच्या इथेनॉलवाल्या पेट्रोलने महिन्याभरात काठीसारखी होते. नळीच्या मध्ये पेट्रोल बंद-चालू करायचा एक कॉक टाका. सुरुवातीला आतली टाकी काठोकाठ, नळी भरलेली, मगच झाकण. बंद करताना आधी झाकण सैल करून पोकळी सोडायची, नाहीतर मशीन थांबल्यावरही ओढत राहील.

आणखी एक गोष्ट सगळे विसरतात. टाकी मोठी केली तरी ऑइल तेवढंच, ०.४ लिटर. शंभर तासांनी बदलायचं म्हणजे सलग चालवलं तर चार दिवसांत. ऑइल कमी झालं की मशीन स्वतःहून बंद होतं, आणि तेही पहाटे तीनलाच होणार.

माडाखाली
मी थोडं आडवं बोलतो. टाकीच्या मागे कशाला लागलात? घरात १५० एएचची (अँपिअर-अवर) बॅटरी-इन्व्हर्टर असेल तर रात्र त्यावर काढा आणि दिवसा जनरेटरने चार्ज करा.

जुना फिटर
हिशेब करा. १५० एएच गुणिले १२ म्हणजे १८०० वॅट-तास. ८० टक्केच वापरायचे, त्यातून इन्व्हर्टरचं नुकसान वजा. ३५० वॅटवर साडेतीन तास, बॅटरी जुनी असेल तर त्याहून कमी. भरायला घरगुती इन्व्हर्टरला दहा तास लागतात. नुसती बॅटरी पुरणार नाही. पण ती मध्ये असायलाच हवी, हे तुमचं बरोबर. जनरेटर बंद पडला तरी अलार्म व्हायच्या आत बॅटरी उचलते आणि माणूस शांतपणे चप्पल घालून बाहेर जातो. गार झालेल्या मशीनमध्ये पेट्रोल ओततो, हे वेगळं.

सिस्टर
मी नर्स आहे, म्हणून एवढंच. बाबांजवळ भरलेला बी टाइप सिलिंडर ठेवा. त्यात साधारण १५०० लिटर ऑक्सिजन असतो, मिनिटाला २ लिटरने बारा तास जातो. पेट्रोलच्या डब्यापासून लांब, दुसऱ्या खोलीत.

आणि जनरेटर पडवीत नको. पावसाची झड येते म्हणून माणसं पडवीला ताडपत्री लावतात आणि आत जनरेटर चालवतात. त्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, कॉन्सन्ट्रेटर खोलीतलीच हवा ओढतो आणि तुम्ही झोपलेले. घरापासून दूर, खिडकीकडे धूर येणार नाही असा, वर चार बांबूंवर पत्रा.

गॅरेजवाला
कायद्याचंही बघा. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यात विनापरवाना घरी जास्तीत जास्त ३० लिटर पेट्रोल ठेवता येतं, तेही विक्रीसाठी नाही. भांडं धातूचं, घट्ट झाकणाचं, २५ लिटरपर्यंतचं. काच किंवा चिनी मातीचं असेल तर एकच लिटर. प्लास्टिकचं नाव त्यात नाही. तुमची लाल टाकी प्लास्टिकची असणार.

धागाकर्ता
हो, प्लास्टिकचीच. सगळ्यांचे आभार, आता काल काय झालं ते सांगतो.

खटका बंद केला, वॉशर बदलले, लाल टाकी मशीनच्या बुडापेक्षा चार बोटं खालीच ठेवली. ओढतंय की नाही हे झाकण न उघडता कसं कळणार? आमच्याकडे सुपारी तोलायचा काटा आहे, टाकी त्यावरच ठेवली. सकाळी नऊला ९ किलो ४००. अकरापर्यंत काटा हललाच नाही, माझं तोंड पडलं. मग लक्षात आलं, निपलचा नट हाताने फिरतोय. पान्याने आवळला. बाराला ९ किलो १००, एकला ८ किलो ७००. पेट्रोल लिटरला पाऊण किलोच्या आसपास धरलं तर तासाला अर्धा लिटर. आई दर अर्ध्या तासाने येऊन काटा वाचत होती.

रात्रीसाठी अजून लावलेलं नाही. पत्रा घालून झाला की आणि बॅटरी आली की लावेन. तोवर फक्त दिवसा, समोर बसून.

शेवटचं विचारतो. पत्र्याची २० लिटरची टाकी, झाकणाला हवेचा स्क्रू आणि बाजूला नळीचं तोंड असलेली, खेड-चिपळूणकडे कोणी बनवून देतं का? साधा डबा मिळतो, पण मला त्याला घरी झाळून डाग द्यायचा नाहीये.