घरखर्च सावरायचा तर आधी व्याज शिकायचं की आधी बचत लावायची?

रोजमेळ (धागाकर्ती)

माझं म्हणणं सुरुवातीलाच मांडते. घराची आर्थिक घडी बसवायची असेल तर काटकसरीच्या आधी व्याज वाचायला शिकलं पाहिजे, आणि ते घरातल्या एकट्या कमावत्या माणसाने नाही, सगळ्यांनी. चक्रवाढीचं सूत्र शाळेत आपण पाठ केलेलं असतं. तेच कर्जाच्या कागदावर समोर आलं की ओळखू येत नाही.

'फक्त १० टक्के, फ्लॅट' हे घ्या. एका वर्षासाठी १०० घेतले, ११० फेडायचे, बारा समान हप्ते. ऐकायला स्वस्त वाटतं. पण पहिल्या महिन्यापासूनच मुद्दल परत जायला लागतं, त्यामुळे पूर्ण १०० वर्षभर आपल्याकडे नसतातच, सरासरी निम्म्याच्या आसपास असतात. व्याज मात्र पूर्ण १०० वर. घटत्या शिलकीवर मोजलं तर हाच दर १८ टक्क्यांपर्यंत जातो. म्हणजे घटत्या शिलकीवरचं १४ टक्क्यांचं कर्ज याच्यापेक्षा स्वस्त, आणि तरी लोक १० चा आकडा बघून सही करतात.

गृहकर्जाचंही तेच. आमचं कर्ज ९ टक्क्यांनी, २० वर्षांचं. पहिल्या हप्त्यातले ८३ टक्के नुसतं व्याज. परतफेडीचं वेळापत्रक मागितलं की मिळतं: हप्ता, व्याज, मुद्दल, शिल्लक असे रकाने असतात. ते मी टेबलावर पसरलं तेव्हा मोठ्या मुलीने व्याजाच्या रकान्यावर बोट ठेवलं आणि ते खाली नेत नेत विचारलं, "आई, यात मुद्दल व्याजाच्या पुढे कधी जातं?" तेराव्या वर्षात जातं. आणि निम्मं मुद्दल फिटायला जवळपास १४ वर्षं लागतात. दरवर्षी एक जादा हप्ता मुद्दलात भरला तर कर्ज साधारण साडेतीन वर्षं लवकर संपतं. हा शेवटचा हिशेब तिनेच करून दाखवला.

मुलांना शिकवायला मला सगळ्यात सोपा वाटतो तो ७२ चा नियम. लुका पाचोली या इटालियन गणितज्ञाने १४९४ मध्येच तो लिहून ठेवला आहे. ७२ ला दराने भागा, दुप्पट व्हायला लागणारी वर्षं मिळतात. महागाई ६ टक्के असेल तर १२ वर्षांत किमती दुप्पट. उधारीचा दर ३६ टक्के असेल तर दोन वर्षांत कर्ज दुप्पट.

रोजच्या छोट्या बचतीला माझा विरोध नाही. पण कुठे वाचवायचं हे ज्याला कळत नाही तो नको तिथे हात आखडता घेतो आणि नको तिथे सही करून बसतो. तुम्हाला काय वाटतं?

---

काठावर

असहमत, आणि जरा तळमळीने असहमत.

घरात पैसा टिकत नाही याचं पहिलं कारण अज्ञान नाही, कमाई अपुरी असणं आहे. भाडं, प्रवास, फी, औषधं, हप्ते यांत ९० टक्के कमाई आधीच ठरलेली असते. उरलेल्या १० टक्क्यांत तुम्ही कमालीची काटकसर करून पाचवा हिस्सा वाचवला, तरी हाती लागतात एकूण कमाईचे २ टक्के. त्यासाठी घरात रोज कटकट.

आणि 'शिका' म्हणणाऱ्यांनी हेही बघावं. २०१३ मध्ये सायन्स या नियतकालिकात आनंदी मणी, सेंधिल मुल्लैनाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास आला होता. तमिळनाडूतल्या ऊस शेतकऱ्यांना त्यांनी तोडणीच्या आधी, म्हणजे हातात पैसा नसताना, आणि तोडणीनंतर अशा दोन्ही वेळी त्याच प्रकारच्या बौद्धिक चाचण्या दिल्या. माणसं तीच, पण पैशाची ओढाताण असताना त्यांची कामगिरी खालावलेली दिसली. चिंतेने डोकं आधीच व्यापलेलं असतं. अशा माणसापुढे वेळापत्रकाचे रकाने पसरून काय होणार? आधी त्याच्या हातात दोन पैसे जास्त येऊ द्या.

---

निळी शाई

रोजमेळताई, तुमचे हिशेब बरोबर आहेत, निष्कर्ष मात्र घाईचा वाटतो. पैशाच्या शिक्षणाने वागणं बदलतं का, हे २०१४ मध्ये फर्नांडिस, लिंच आणि नेटमेयर यांनी आधीचे २०१ अभ्यास एकत्र करून तपासलं. लोकांच्या आर्थिक वागणुकीत जो फरक दिसतो त्यातला फक्त ०.१ टक्का शिक्षणामुळे आहे, असं त्यांना आढळलं. बरेच तास शिकवलं तरी वीसेक महिन्यांनी परिणाम जवळपास विरून जातो.

मी स्वतः शिक्षिका आहे, त्यामुळे हे वाचून बरं वाटलं नाही. पण आश्चर्यही वाटलं नाही. दहावीत शिकलेलं व्याज तिशीतल्या कर्जाच्या वेळी कुणाला आठवतं?

---

पाटीपुस्तक

@निळी शाई, त्यानंतरचंही वाचा. काइझर, लुसार्डी, मेन्कहॉफ आणि अर्बन यांनी २०२२ मध्ये ३३ देशांतल्या ७६ प्रयोगांचा आढावा घेतला. सगळे चिठ्ठ्या टाकून गट पाडलेले प्रयोग, सहभागी एक लाख साठ हजारांहून जास्त. त्यात शिक्षणाचा परिणाम ज्ञानावरही दिसला आणि वागण्यावरही. २०१४ च्या आढाव्यात असे काटेकोर प्रयोग फार थोडे होते.

आणि गरज किती आहे ते बघा. लुसार्डी आणि मिचेल यांनी २००४ मध्ये ५० च्या पुढच्या अमेरिकन लोकांना तीन साधे प्रश्न विचारले. पहिला असा: खात्यात १०० आहेत, व्याज वर्षाला २ टक्के, हात लावला नाही तर पाच वर्षांनी १०२ पेक्षा जास्त असतील, बरोबर १०२ की कमी? बाकीचे दोन महागाई आणि जोखमीवर. तिन्ही उत्तरं बरोबर देणारे जेमतेम एक तृतीयांश निघाले. आयुष्यभर बँकेत जा-ये केलेली माणसं होती ती.

---

सरळरेघ

शिक्षण हवं की नको हा वाद मला निरर्थक वाटतो. माणसाला कळतं, पण वळत नाही. म्हणून सोय लावा, शिकवत बसू नका.

रिचर्ड थेलर आणि श्लोमो बेनार्त्झी यांनी एका कंपनीत कामगारांना एवढंच विचारलं: आत्ता काही कापू नका, पुढची पगारवाढ होईल तेव्हा वाढीतला थोडा भाग आपोआप बचतीत वळवायला तयार आहात का? ज्यांना विचारलं त्यातले ७८ टक्के हो म्हणाले. ४० महिन्यांत त्यांच्या बचतीचं प्रमाण पगाराच्या ३.५ टक्क्यांवरून १३.६ टक्क्यांवर गेलं. कुणी व्याजाचं सूत्र शिकवलं नाही. हातात येणारी रक्कम कधीच कमी झाली नाही, त्यामुळे कुणाला टोचलंही नाही.

माझ्या घरी पगार जमा होतो त्याच्या दुसऱ्या दिवशी ठरलेली रक्कम वेगळ्या खात्यात जाते. त्या खात्याचं कार्ड घेतलेलंच नाही. महिनाअखेरीला उरेल ते साठवू म्हणणाऱ्यांकडे काही उरलेलं मी तरी पाहिलं नाही.

---

दोन ओळी

सरळरेघ यांना +१. अंमलात येणारं उत्तर तेवढंच आहे.

---

रोजमेळ

सगळ्यांचे आभार. एकेकाला उत्तर देते.

काठावर, ज्या घरात खरोखरच काही उरत नाही त्या घराला काटकसर शिकवणं अन्यायाचं आहे, यात दुमत नाही. म्हणूनच मी काटकसरीबद्दल बोलत नाहीये, उधारीबद्दल बोलतेय. सगळ्यात महाग कर्ज कुणाच्या वाट्याला येतं? ज्याच्या हातात पैसा नाही त्याच्याच. क्रेडिट कार्डाचं बघा. महिन्याला ३ टक्के म्हणजे वर्षाला ३६ नाही, चक्रवाढीने ४२ टक्क्यांच्या वर. त्यात दरमहा फक्त ५ टक्के 'किमान देय' भरत राहिलं, तर नवीन एकही खरेदी न करता थकबाकी निम्मी व्हायला अडीच वर्षांहून जास्त काळ जातो. कमाई वाढायला वेळ लागेल, तोवर ही गळती थांबवणं आपल्या हातात आहे. तुमचे ते २ टक्के रोजच्या खर्चातून काढायची गरज नाही, बऱ्याचदा ते व्याजातच सापडतात.

सरळरेघ, तुमची सोय मला मनापासून आवडली, उद्यापासून करावी अशी आहे. पण ते दुसरं खातं कुठलं, त्यावर काय मिळतं, आणि घरात ४२ टक्क्यांची थकबाकी असताना ४-५ टक्क्यांच्या खात्यात दरमहा भर घालण्यात शहाणपण आहे का, हे ती सोय सांगत नाही. बचत आपोआप होते तशी चूकही आपोआप होत राहते.

निळी शाई, दहावीतलं तिशीत आठवत नाही, म्हणून तर मी वर्गाबद्दल बोलले नाही, टेबलाबद्दल बोलले. कर्ज घ्यायच्या आठवड्यात, तोच कागद समोर ठेवून शिकवा. तेव्हा ते डोक्यात राहतं, कारण सही दोन दिवसांवर असते.

---

निळी शाई

हे मात्र पटलं. फर्नांडिस आणि मंडळींनीही शेवटी हेच सुचवलं आहे, की निर्णयाच्या वेळी दिलेलं शिक्षण उपयोगी पडेल. माझा विरोध 'सगळ्यांना सगळं शिकवा' याला आहे. डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये छोट्या व्यावसायिकांवर एक प्रयोग झाला होता. एका गटाला रीतसर हिशेबशास्त्र शिकवलं, दुसऱ्याला 'धंद्याचा पैसा आणि घरचा पैसा वेगळा ठेवा' अशा मोजक्या ठोकळ सूचना दिल्या. वह्या सुधारल्या त्या दुसऱ्या गटाच्या. घरातही दोन-तीन नियमच असावेत आणि ते सगळ्यांना पाठ असावेत.

---

उंबरठा

मला एका वेगळ्या गोष्टीबद्दल लिहायचं आहे. आमच्याकडे सगळे व्यवहार बाबा बघायचे आणि उत्तम बघायचे. वह्या नीटनेटक्या, एकही हप्ता चुकलेला नाही. ते अचानक आजारी पडले तेव्हा आईला विमा कुठल्या कंपनीचा हेही माहीत नव्हतं. बाबांच्या अतिदक्षता विभागाबाहेर बसून मी त्यांच्या जुन्या ईमेलमध्ये पॉलिसी क्रमांक शोधत होते. बचत होती, शिस्त होती, फक्त ती एकाच माणसाच्या डोक्यात होती. रोजमेळताईंच्या 'सगळ्यांनी' या शब्दाला माझा पाठिंबा त्यासाठी आहे. खाती, विमा, कर्जं, नामनिर्देशन यांची एक पानभर यादी घरातल्या दोघांना तरी माहीत हवी.

---

काठावर

उंबरठा, बाबा बरे असतील अशी आशा.

पण मुलांसमोर कर्जाचे कागद पसरणं मला आजही पटत नाही. लहानपणी घरातल्या थकबाकीची चर्चा मी कान देऊन ऐकायचो. सहलीचे पैसे मागायला तोंड उघडायचं नाही. ते शिक्षण नव्हतं, धास्ती होती. रोजमेळताईंच्या घरी हप्ते वेळेवर जातात, म्हणून तिथे गणित होऊ शकतं. जिथे ते थकतात तिथे तोच कागद मुलाच्या छातीवर बसतो. हा फरक धाग्यात कुठे दिसत नाही म्हणून लिहिलं.

---

रोजमेळ

हा फरक खरा आहे आणि तुम्ही तो लिहिलात हे फार बरं केलंत. अशा घरात मुलांना आकडे न सांगता ७२ चा नियम शिकवता येईल, दुसऱ्या कुणाच्या काल्पनिक कर्जावर. थकबाकीचा कागद मोठ्यांनी मोठ्यांपुरता ठेवावा.

---

नवा भिडू

सगळं वाचलं. थेट प्रश्न विचारतो. कार्डाची थकबाकी आहे, हातात शिल्लक शून्य. आधी कर्ज फेडू की आपत्कालीन निधी उभारू? सगळीकडे तीन ते सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवा म्हणतात. तेवढं जमेपर्यंत व्याज मला खाऊन टाकेल. शिवाय माझी कमाई दर महिन्याला सारखी नसते, त्यामुळे सरळरेघ म्हणतात तशी ठरावीक रक्कम वळवायची म्हटलं तर खातं रिकामं पडून दंड बसायचा.

---

सरळरेघ

सहा महिन्यांचं नंतर बघा. आधी जेमतेम एका महिन्याचा अत्यावश्यक खर्च बाजूला काढा. तेवढाही नसेल तर पहिल्या अडचणीला पुन्हा कार्डच काढाल. तो जमला की बचत थांबवा आणि हाती येईल ते सगळं थकबाकीत घाला. ४२ टक्क्यांचं कर्ज फेडण्याइतका खात्रीचा परतावा दुसरीकडे मिळत नाही. जास्त दराचं आधी. ते संपलं की तीच रक्कम निधीकडे वळवा.

अनियमित कमाईसाठी ठरावीक रक्कम लावू नका, टक्का लावा. पैसे येतील त्याच दिवशी, रक्कम कितीही असो.

---

काठावर

एक भर. गेल्या बारा महिन्यांतला सगळ्यात कमी कमाईचा महिना शोधा आणि घराचा ठरलेला खर्च त्या महिन्यात बसतो का ते बघा. बसत असेल तर चांगल्या महिन्यातलं जास्तीचं पूर्णच्या पूर्ण थकबाकीत जाऊ द्या. बसत नसेल तर टक्केवारीने भागणार नाही. मग भाडं किंवा वाहनाचा हप्ता, यांपैकी एक मोठी गोष्ट बदलावी लागेल. ती कुठली, हे घरात बसून ठरवा आणि इथे लिहा, जमेल तेवढा हिशेब करून देतो.